बारा तिकिटांचा शो

अपेक्षा, स्वप्नाली आणि जयराज या तिघांचा एक कायदा होता. पिक्चर बघायचा तो तिघांनी मिळून आणि सोमवारी. कुणी एकट्यानं गुपचूप जाऊन आलं, तर तो बघितला म्हणून धरायचा नाही, आणि वर पुढचे दोन सोमवार समोसे आणायला त्याच माणसानं उठायचं. सोमवारच का, तर कुपवाडच्या ज्या वर्कशॉपात तिघं कामाला होती, त्याची आठवड्याची सुट्टी सोमवारी असे. बाकीचं जग रविवारी मजा मारून सोमवारी तोंड वाकडं करत कामाला निघायचं, तेव्हा ही तिघं एक मोटरसायकल आणि एक स्कूटी घेऊन गाणी म्हणत सांगलीकडं सुटायची. लोकांना ते बघवत नसे.

थेटर स्टँडच्या मागचं, एका पडद्याचं. नाव सांगत नाही, उगाच मालकाला राग यायचा. मॉलमधल्या थेटरात खुर्च्या मागं कलतात म्हणे. इथल्याही कलायच्या, पण मोडल्यामुळं. पंखे नऊ, त्यातले चार फिरायचे. कुठल्या पंख्याखाली बसायचं हे तिघांना पाठ होतं. मॅनेजर आप्पासो तिकिटं द्यायचा, मग दारात येऊन तीच फाडायचा, आणि इंटरव्हलला समोशाची परातही तोच धरायचा. सोमवारी गर्दी नसल्यानं त्याला गप्पा मारायला ही तिघं लागायची. मालकाचा एकच हुकूम त्याला जाचायचा. बारा तिकिटं गेल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. अकरा झाली तर अकरांनाही पैसे परत देऊन घरी पाठवायचं. एकदा असेच अकरा भरले होते, तेव्हा जयराजनं बाहेर जाऊन एका रिक्षावाल्याला हाताला धरून आणलं होतं. तो बिचारा पूर्ण तीन तास झोपला, पण शो झाला.

पिक्चर नसेल तेव्हा गाणंबजावणं. जयराज हा पलूसकडच्या एका रिटायर्ड सुभेदाराचा मुलगा. थोरल्या भावानं वर्दी घातली, यानं बेंजो पार्टीत कीबोर्ड धरला, आणि सुभेदारसाहेब अजून त्यावर बोलायला तयार नव्हते. गणपतीत, यात्रेत, वरातीत जयराजची पार्टी वाजायची, तेव्हा या दोघी सगळ्यात पुढं. स्वप्नाली शिराळ्याची. तिचा आवाज एवढा मोठा की वर्कशॉपात मशीन चालू असताना तिला कधी ओरडावं लागलं नाही. तिचं म्हणणं, "मोबाईलवर ऐकल्यालं गाणं म्हंजे फोटोतलं जेवण. समोर वाजलं तरच पोट भरतं."

अपेक्षा त्या मानानं बोलायला कमी. तिचं काम मोजमापाचं. पंपाचे तयार झालेले भाग टेबलावर यायचे, त्यांची भोकं गेजनं तपासायची, बारीकशी चूक असली तरी तो भाग लाल पेटीत टाकायचा. दिवसभर खोट काढायची सवय लागलेल्या माणसाचं मन सुट्टीच्या दिवशीसुद्धा खोट काढत राहतं. तिला आनंदाच्या गोष्टीतही आधी काय बिघडेल ते दिसायचं. ते दिसू नये म्हणूनच बहुधा तिला या दोघांची संगत एवढी लागायची.

तर अशा या कायद्याच्या माणसानं त्या शुक्रवारी कायदा मोडला. पहिली पाळी सुटल्यावर, डोकं दुखतंय असं खोटंच सांगून, अपेक्षा एकटी थेटरात जाऊन बसली. कारण त्या पिक्चरमध्ये तिचे वडील होते.

वडील म्हणजे धुळा. गाव जतच्या पूर्वेला, जिथं पाऊस आला तर आला. दिवाळी झाली की चार-पाच घरांची मेंढरं एकत्र करून, घोड्यांवर बिऱ्हाड लादून ही माणसं पश्चिमेला निघायची. त्यांच्या भाषेत हा सगळा कबिला म्हणजे वाडा. उसाच्या तोडलेल्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत रानाला, धान्य यांना, आणि पुढं चालायचं. दोन वर्षांपूर्वी वाडा पाटणच्या वरच्या अंगाला असताना पिक्चरवाले तिथं आले. त्यांना गजी पाहिजे होती. गजी म्हणजे धनगरांचा नाच. मधे ढोल, आणि भोवती रंगीत रुमाल हलवत फेर धरणारे गडी. धुळाचा ढोल म्हणजे चार तालुक्यांत ऐकलेला. त्यानं सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ढोल वाजवला. शेजारी त्याचा चुलतभाऊ आकाराम कैताळ, म्हणजे मोठे टाळ, वाजवायला होता. एकच गोष्ट चाळीस वेळा करून घेतली, आणि शेवटी पिक्चरच्या मोठ्या साहेबानं धुळाला मिठी मारली.

ती मिठी धुळानं दोन वर्षं पुरवून वापरली. ज्या रानात वाडा उतरेल तिथं रानमालकाला पहिल्या रात्री हीच गोष्ट. "पिच्चर यिऊ द्या, मग बगा." मधल्या आषाढात आकाराम गेला. तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत माणूस नाही. धुळानं पुढं सहा महिने ढोलाला हात लावला नाही, पण पिक्चरची गोष्ट मात्र सांगायची सोडली नाही.

आणि शुक्रवारी अपेक्षानं बघितलं ते काय? हिरोची एंट्री. हिरो डोंगरावरून उडी मारून येतो, मागं गजी चाललेली. ती मनात मोजत होती. अकरा सेकंद. धुळा दिसला तो पाठीमागून. फेटा, आणि ढोलावर पडणारा एक हात. तोंड नाहीच. वर आवाज दुसराच. ढोल काढून टाकून तिथं डीजेचा दणका भरला होता. चाळीस वेळा वाजवलेल्या ढोलाची एक थाप शिल्लक ठेवली नव्हती. अपेक्षाला इतका राग आला की पडद्यावर समोसा फेकावा. मग तिला रडू आलं. इंटरव्हलच्या आधीच उठून ती खोलीवर आली, आणि तिनं ठरवून टाकलं की आबांना हे कधीच कळू द्यायचं नाही. पिक्चर पडेलच होता. येत्या गुरुवारी निघून जाईल, पोस्टर उतरेल, आणि आबा आपले जन्मभर "पिच्चर यिऊ द्या" म्हणत खुशीत राहतील.

बेत चांगला होता. पण अपेक्षा अंघोळीला गेली असताना तिच्या मोबाईलवर आबांचा फोन आला आणि तो तिच्याच खोलीत राहणाऱ्या स्वप्नालीनं उचलला.

"आवं मामा, आलाय की पिच्चर!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की अपेक्षाला मोरीत ऐकू आलं. "शुक्रवारीच लागलाय. तुमी त्यात हाय? आनि आमाला ही बया बोलली न्हाई ती!"

वाडा तेव्हा बुधगावच्या बाजूला उतरला होता, सांगलीपासून हाकेच्या अंतरावर. मंगळवारी पहाटे हलायचा होता. धुळा म्हणाला, सोमवारी येतो.

अपेक्षा रात्रभर कूस बदलत राहिली. आबांनी आयुष्यात थेटर आतून बघितलं नव्हतं. पहिल्यांदा बघणार ते हे. पाठीमागचा फेटा आणि दुसऱ्याचा आवाज. त्यांचा चेहरा कसा होईल हे तिला अंधारात लख्ख दिसत होतं. आणि मग पहाटे पहाटे तिला थेटरमालकाचा हुकूम आठवला. बारा तिकिटं. सोमवारी दुपारी बाराच्या शोला, तेही पडेल पिक्चरला, येणार कोण? आपण तिघं, आबा चौथे, फार तर दोघं-तिघं रिकामटेकडे. शो होणारच नाही. आबा हळहळतील, पण ती हळहळ वेगळी. ती तिला चालणार होती.

"बाराचाच शो बगू," तिनं सकाळी स्वप्नालीला सांगितलं. "आबांना सांजच्याला मेंढरांकडं जायला पायजे."

स्वप्नाली म्हणाली, "पर सोमवारचा बाराचा शो म्हंजे..."

"हुईल गं," अपेक्षा म्हणाली, आणि खोटं बोलताना तिचे कान तापले.

स्वप्नालीला काळजी लागली. मैत्रिणीचे वडील जन्मात पहिल्यांदा थेटरात येणार, तेही स्वतःचा पिक्चर बघायला, आणि माणसं भरली नाहीत म्हणून परत जाणार? तिनं ती काळजी जयराजला सांगितली. जयराजनं ती बेंजो पार्टीच्या ग्रुपवर टाकली. दोघांनी मिळून ठरवलं की अपेक्षाला सांगायचं नाही, तिला आनंदाचा धक्का द्यायचा. मित्रमंडळी एकदा धक्का द्यायचं ठरवून बसली की माणसानं काय करावं?

सोमवारी साडेअकराला धुळा एसटीतून उतरला. धुवट पांढरं धोतर, लाल फेटा, खांद्यावर घोंगडं, दाढी केलेली. अपेक्षा त्याला घेऊन थेटरच्या वळणावर आली आणि जागच्या जागी थांबली. थेटरसमोर टेम्पो उभा होता. टेम्पोत बेंजो पार्टी. जयराज कीबोर्डवर, पुढं ताशा, मागं मोठे स्पीकर. हे दोघं दिसल्याबरोबर असं वाजायला लागलं की स्टँडवरच्या लोकांनी माना वळवून बघितलं. स्वप्नाली हार घेऊन पुढं आली. तिच्यामागं त्यांच्या खोल्यांवरच्या सगळ्या पोरी, वर्कशॉपातले दोन ऑपरेटर, त्यांच्या बायका, कडेवरची पोरं. कुणीतरी नारळ फोडला.

"हे कुनासाटी गं?" धुळानं विचारलं.

"तुमच्यासाटी, मामा!" स्वप्नाली ओरडली आणि हार त्याच्या गळ्यात घातला.

धुळा आधी लाजला. मग ताशा कानात शिरला, तशी त्याची मान हलायला लागली. मग घोंगडं पोरीकडं देऊन तो चार पावलं नाचलाही. अपेक्षाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. आप्पासो दारात उभा राहून बोटानं माणसं मोजत होता आणि त्याच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

"एकतीस!" तो म्हणाला. "आगं अपेक्षा, एवडी मानसं तर पयल्या दिवशीबी न्हवती."

आत धुळाला मधोमध बसवलं, फिरणाऱ्या पंख्याखाली. एका बाजूला अपेक्षा, दुसऱ्या बाजूला स्वप्नाली. दिवे गेले. धुळानं पडद्याला हात जोडले. अपेक्षाचं पिक्चरकडं लक्ष नव्हतं, ती फक्त वाट बघत होती. नायिकेचा बाप ओरडून झाला, गुंड येऊन झाले, डोंगर आला. आता. हिरोनं उडी मारली. डीजे दणाणला. फेटा, हात, रुमाल, आणि संपलं.

 मागच्या ओळीतून एक पोरगं म्हणालं, "एवढंच?" आणि त्याला कुणीतरी चापट मारल्याचा आवाज आला. स्वप्नालीनं पुढं वाकून अपेक्षाकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत सगळं कळल्याचं दिसत होतं. अपेक्षाला बाजूला मान वळवायचा धीर होईना.

आणि धुळा ताडकन उभा राहिला.

"आकाराम!" तो ओरडला. "आरं आकाराम हुता त्यो! आपे, बगितलास का? उजव्या अंगाला! हासत हुता!"

अपेक्षानं नव्हतं बघितलं. शुक्रवारीही नाही आणि आजही नाही. दोन्ही वेळा तिची नजर त्या फेट्यावर खिळली होती. लोक मागून "खाली बसा" म्हणत होते, हिरो मारामारी करत होता, आणि धुळा उभाच. त्यानं बंडीच्या खिशातून पन्नासाची नोट काढली, हात वर करून पडद्याच्या दिशेनं धरली आणि म्हणाला, "वन्स मोर! परत वाजवा ह्ये!"

यात त्याचं काही चुकलं असं त्याला वाटण्याचं कारणच नव्हतं. यात्रेत गाणं आवडलं की नोट दाखवायची आणि परत म्हणून घ्यायचं, ही जन्माची रीत. गाणारा समोर असतो, तो नोट घेतो, कपाळाला लावतो आणि पुन्हा सुरू करतो. पडद्यावरचा माणूस नोट घ्यायला वाकत नाही, एवढंच त्याला माहीत नव्हतं.

आप्पासो बॅटरी घेऊन धावत आला. "आवं मामा, ह्यो पिच्चर हाय. ह्यात वन्स मोर नसतो."

"का नसतो?" धुळानं विचारलं.

 वीस वर्षं थेटरात काढून हा प्रश्न आप्पासोला कुणी विचारलाच नव्हता. तेवढ्यात मागून जयराजनं तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. "वन्स मोर!" बेंजो पार्टीनं उचलून धरलं. मग पोरी, मग ऑपरेटर आणि त्यांच्या बायका. ज्याला कशाबद्दल चाललंय ते ठाऊक नव्हतं तोही ओरडायला लागला. "इंटरव्हलला! इंटरव्हलला लावतो, पर गप बसा!" आप्पासोनं हात जोडले.

आणि शब्दाला जागून त्यानं इंटरव्हलला मशीनवरच्या माणसाला सांगून पिक्चर मागं नेला. कुणीही समोशाला उठलं नाही. या वेळी अपेक्षा उजवीकडं बघत होती. तिथं, चौकटीच्या अगदी कडेला, आकारामकाका होता. डोक्याच्या वर हात नेऊन कैताळ वाजवत, एका पायावर गिरकी घेत, दात दाखवून हसत. काय हसत होता! लहानपणी तिला घोड्यावर बसवून लगाम धरायचा तेव्हा असाच हसायचा. आषाढात तिला सुट्टी मिळाली नव्हती, तिनं त्याला शेवटचं बघितलंही नव्हतं. तिला हुंदका आला तो तिनं आवरला नाही.

इंटरव्हलचे दिवे लागल्यावर तिनं धीर करून विचारलं, "आबा, तुमी तर नीट दिसलाच न्हाई. आनि ढोलबी त्यांनी काडून टाकला."

"व्हय, ढोल आपला न्हवं त्यो. कळला मला," धुळा म्हणाला. "मुडदा बशिवला त्यांचा. पर माजं काय बगायचं, पोरी? मी तर हितंच हाय की."

एवढं बोलून त्यानं नाक शिंकरलं आणि आप्पासोला विचारलं, पिक्चर कवापर्यंत हाय. गुरुवारपर्यंत, आप्पासो म्हणाला, तेही बारा माणसं आली तर. धुळा उठून बाहेर गेला. व्हरांड्यातून त्याचा फोनवरचा आवाज आत ऐकू येत होता. तो बुधगावच्या रानमालकाला, लालासाहेबांना, सांगत होता की वाडा एक दिवस जादा राहू द्या, पाया पडतो, कारण विचारू नका. लालासाहेबांनी कारण विचारलंच असणार, कारण धुळा पुढं म्हणाला, "हरनाला तिचा नवरा दावायचाय."

हरणाबाई म्हणजे आकारामची बायको. नवरा गेल्यावरही ती वाड्याबरोबर चालत होती, घोड्यावर बिऱ्हाड बांधत होती, सगळ्यांच्या भाकरी थापत होती. नवऱ्याचा फोटो म्हणून तिच्याकडं फक्त आधार कार्ड होतं, आणि त्यातला माणूस ओळखू येत नव्हता.

धुळाला एसटीत बसवून आल्यावर थेटरच्या पायरीवर अपेक्षानं दोघांना सगळं सांगितलं. शुक्रवारचं, आणि बाराच्या शोचंही.

"एकटीनं बगितलास?" स्वप्नालीचा आवाज चढला.

"तेवडंच ऐकलंस व्हय तू? मी शो होऊ नये म्हनून..."

"ते ऐकलं. ते माप हाय. पर एकटीनं? आगं आमी काय मेलो हुतो? रडायचं हुतं तर आमच्यासंगं रडायचं." आणि मग तीच रडायला लागली.  जयराजनं एवढंच विचारलं, "उद्या सहाच्या शोला बारा मानसं कुटनं आनायची?" मंगळवारी त्याच्या पार्टीची विट्याला वरात होती, टेम्पो आणि पोरं सगळी तिकडं.

"मी आनते," अपेक्षा म्हणाली.

मंगळवारी वर्कशॉपात जे घडलं त्यावर अजूनही लोकांचा विश्वास बसत नाही. दोन वर्षांत या दोघांखेरीज कुणाशी कामाशिवाय शब्द न बोललेली अपेक्षा जेवणाच्या सुट्टीत एकेका टेबलापाशी गेली. कँटीनवाल्या मावशींना विचारलं, फोरमनला विचारलं, ज्याचे सगळ्यात जास्त भाग ती लाल पेटीत टाकायची त्या लेथवरच्या तानाजीलाही विचारलं. पिक्चर चांगला आहे असं ती कुणालाही म्हणाली नाही. "पिच्चर लय भंगार हाय. पर माजा काका त्यात अकरा सेकंद हाय आनि काकूला त्यो बगायचाय. बारा मानसं लागत्यात." फोरमन म्हणाला की त्याच्या आईलाही घेऊन येतो, तिला कुठं जाणं होत नाही. तानाजी म्हणाला, "माजे भाग पास करनार का?" ती म्हणाली, "न्हाई." तो तरी आला.

सहा वाजता आप्पासोनं मोजलं तर चौदा भरली. बाहेर तिन्हीसांजेचे दिवे लागत होते. धुळाबरोबर हरणाबाई आली. हिरवं लुगडं, पायात जड वहाणा, चेहऱ्यावर काहीच नाही. तिला काय दाखवायचंय ते धुळानं सांगितलं होतं, पण तिचा विश्वास बसलेला दिसत नव्हता. खुर्चीवर ती अगदी काठाला बसली. अपेक्षानं तिचा हात हातात घेतला. तो हात दगडासारखा खरखरीत आणि गार होता.

"काकू, डोंगर आला की उजव्या अंगाला बगायचं. लय बिगीनं जातं."

डोंगर आला. हिरोनं उडी मारली. डीजेच्या पहिल्या दणक्यानं हरणाबाई दचकली, घाबरून तिनं अपेक्षाकडं बघितलं, आणि परत पडद्याकडं वळेपर्यंत अकरा सेकंद संपले.

"कुटं?" ती म्हणाली. "कुटं हाय?"

 अपेक्षा उठणार, तोच मागून आप्पासोचा आवाज आला. तो आज तिकिटांच्या खिडकीत न थांबता दारातच उभा राहून बघत होता. "थांबा काकू! थांबा, मागं घ्यूया!" आज त्यानं इंटरव्हलचीही वाट बघितली नाही. पडदा काळा झाला, काही वेळ नुसती गुरगुर ऐकू आली, आणि परत डोंगर. या वेळी आवाज बंद होता. एवढं शहाणपण त्याला कुठून सुचलं, देव जाणे.

बिनआवाजाच्या त्या चित्रात गडी रुमाल हलवत फिरले. आणि कडेनं आकाराम आला, हात वर, एका पायावर, हसत.

 हरणाबाईनं अपेक्षाच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, डोक्यावरून घसरलेला पदर नीट पुढं ओढला, आणि खुर्चीवर सावरून बसली. नवरा दारात आल्यावर बाई बसते तशी. गिरकी पुरी होईपर्यंत ती त्याच्याकडं बघत राहिली. दोन खुर्च्यांपलीकडं फोरमनची म्हातारी डोळे पुसत होती. तिला तर कोण कुणाचं हेही माहीत नव्हतं.

आप्पासोनं न सांगता आणखी एकदा लावलं. मग दारातून विचारलं, "परत लावू का, काकू?"

"ऱ्हाऊ दे, दादा," हरणाबाई म्हणाली. तिचा आवाज बसला होता, पण तोंडावर ऊन पडल्यासारखं झालं होतं. "दिसला. घरात कवा एवडा हासला न्हाई बगा." तिनं पदरानं डोळे पुसले, पाय वर घेऊन खुर्चीवर मांडी घातली आणि अपेक्षाला कोपरानं ढोसलं. "आता म्होरलं लावाय सांग की. त्या पोरीचा बाप लय खवीस हाय. तिचं लगीन लावून देतूया का न्हाई, बगूया."